पोहे खाल्ले म्हणजे ठरलं

सुमंत साहेबांनी पोहे खाल्ले की भाव ठरला, आणि नुसता चहा घेऊन उठले की नाही ठरला. इंदुताईंना हे कोणी शिकवलं नव्हतं. काउंटरवर बसून बसून त्यांनी ते पाहिलं होतं, आणि पाहिलेल्यावर माणसाचा जितका भरवसा बसतो तितका ऐकलेल्यावर बसत नाही.

सक्करदऱ्याच्या तलावाकडून वर येणाऱ्या रस्त्यावर तो चार मजली दवाखाना आहे. तळमजल्यावर औषधाच्या दुकानाला लागून एक काचेची खिडकी, खिडकीवर 'कॅशलेस' अशी अक्षरं, आणि आत इंदुताई. सकाळी आल्या की कॉम्प्युटरच्या कोपऱ्याला चिकटवलेल्या गजानन महाराजांच्या फोटोला हात जोडायचे, रुमालानं काच पुसायची आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला विचारायचं, "कोणतं कार्ड आहे, भाऊ?"

पुढचं सगळं त्या एका प्रश्नावर होतं. ऑपरेशन तेच, डॉक्टर तेच, टेबलही तेच. पण भाव मात्र कार्डागणिक वेगळा. सरकारी योजनेचा भाव सरकार ठरवून मोकळं होई, त्यात बोलायला जागाच नाही. ज्या विमा कंपनीचे पेशंट ढिगानं येत तिला सगळ्यात स्वस्त, कारण कॉटन मार्केटात गाडीभर माल उचलणाऱ्याला भाव कमीच लागतो. लहान कंपनीला त्याहून चढा. तीच कंपनी मोठ्या कारखान्याच्या कामगारांसाठी एक भाव मागे आणि घरोघरी पॉलिसी घेणाऱ्यांसाठी दुसरा. आणि ज्याच्याजवळ कोणतंच कार्ड नाही, त्याला सगळ्यात महाग. पहिल्या पहिल्यांदा इंदुताईंना याचं फार नवल वाटायचं. गरिबालाच जास्त कसं? मग त्यांच्या लक्षात आलं की गरीब-श्रीमंताचा हा हिशेबच नाही. भाव करायला समोरच्या खुर्चीवर कोणीतरी बसावं लागतं. रोख भरणाऱ्यासाठी तिथं कोणीच बसलेलं नसतं.

सर्वात मोठ्या कंपनीच्या वतीनं त्या खुर्चीवर सुमंत साहेब बसत. महाल भागात राहणारे, बोलायला गोड आणि भावाला कडक. करार संपत आला की ते यायचे. दवाखान्याचे मॅनेजर भैय्याजी त्यांना केबिनमध्ये घ्यायचे आणि कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून तर्रीपोहे मागवायचे. प्लेट साहेबांच्या समोर निवत पडायची. साहेबांचा नेम होता, आधी भाव, मग नाश्ता. कधी दार आपटून निघून जात, कधी दोन-दोन चकरा होत. पण एकदा का त्यांनी लिंबाची फोड उचलून पोह्यांवर पिळली की समजायचं, झालं.

त्या दिवशी सगळा तळमजला प्यून बाहेर यायची वाट पाहायचा.

"खाल्ले का गा?"

"खाल्ले, खाल्ले. तर्रीबी पिऊन घेतली."

शेजारच्या खुर्चीवरची हिमानी नवीन होती. ती एकदा म्हणाली, "ताई, साहेबाले उपास असला तं?"

"म्हणून तं भैय्याजी त्यायले एकादशीले बोलावतच नाही," इंदुताई म्हणाल्या, आणि दोघी तोंडाला पदर-ओढणी लावून हसल्या.

ही गोष्ट इंदुताईंनी घरीही सांगितली होती. घर म्हणजे कळमेश्वरला, थोरल्या भावाकडे. त्यांचं स्वतःचं घर सक्करदऱ्यातच होतं, दोन खोल्यांचं; पण नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूलबाळ नाही, त्यामुळे 'घरी जाते' म्हटलं की पाय कळमेश्वरकडेच वळत. रामाजीदादा तिथल्या पाइपच्या कारखान्यात होता. बहीण पांढऱ्या कपाळानं परत आली तेव्हा त्यानं तिला बसवून ठेवलं नाही. ओळखीपाळखी काढून या दवाखान्यात केसपेपर लिहायला लावलं. पहिल्या दिवशी ड्यूटी बुडवून स्वतः सोबत आला. ती आत गेली तरी फाटकापाशी उभाच. दुपारी बाहेर येऊन पाहते तर हा चण्याच्या पुडीतले चणे खात तिथंच.

"काहून थांबला गा?"

"म्हटलं, पळून आली तं वापस ढकलाले कोणीतरी पाहिजे."

तर असा दादा. दर भाऊबीजेला ताटात लुगडं टाकणारा आणि लुगड्याचा रंग पाहून बहिणीनं नाक मुरडलं की "मले काय समजते वं त्यातलं" म्हणणारा. नोकरीतून मोकळा झाला, मुलगा दुर्गेश मिहानमधल्या एका कंपनीत लागला, आणि कंपनीच्या विम्यात आईबापही आले. कार्ड आलं त्या दिवशी रामाजीनं ते देव्हाऱ्यात ठेवलं. रुखमावहिनी म्हणाल्या, "आता याले रोज हळदकुंकू वाहू का मी?"

त्याच वर्षी नवरात्रानंतर रामाजीला चालताना छातीत धरू लागलं. इंदुताईंनीच आपल्या दवाखान्यात आणून तपासण्या करवल्या. तीन नळ्या अडलेल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, बायपास लागेल. आजच्या आज नाही, पण दिवाळी झाली की करून घ्या. लांबवू नका.

भाऊबीजेला इंदुताई कळमेश्वरला गेल्या. पाटावर बसलेला दादा त्यांना एकदम लहान दिसला. सदऱ्याच्या आत खांदे नुसते लटकल्यासारखे. त्यांनी ओवाळलं. तो लुगडं पुढे करायला वाकला तसा त्यांनी त्याचा हात धरला.

"आजवर तूच टाकत आला ताटात. या वर्षी मी ओवाळणी घालते तुले. माह्या दवाखान्यात, माह्या डोळ्यापुढं तुह्यं ऑपरेशन होईल. खोली चांगली देते, डॉक्टर सांगून ठेवते. डबा मीच आणीन."

"तू बसून राहशीन ना तिथं?" रामाजी हळूच म्हणाला. कारखान्यात तापलेल्या लोखंडाशी जन्म काढलेला माणूस, पण सुईला भ्यायचा.

"खिडकीतून उठली की तुह्या खाटेपाशी."

"पाह्य गा दुर्गेश, तुह्या आत्याचा रुबाब! दवाखाना जसा हिच्याच बापाचा."

"बाप तं तुहाही थोच होता, दादा."

सगळे हसले. रामाजी हसता हसता छाती धरून थांबला, आणि मग सगळेच थांबले.

तारीख ठरली. आणि तारखेच्या आधी सुमंत साहेबांच्या कंपनीचा करार संपला.

दर खेपेला संपायचाच, त्यात नवीन काही नव्हतं. भैय्याजींना हृदयाच्या ऑपरेशनचा भाव वाढवून पाहिजे होता. कंपनी म्हणत होती, हेच ऑपरेशन तुम्ही योजनेत इतक्या कमी भावात करता, मग आमच्याकडून जास्त कसे मागता? भैय्याजी म्हणत होते, योजनेचा तोटा आम्ही तुमच्याकडूनच काढतो, नाही तर दवाखाना चालेल कसा? दोघंही आपापल्या जागी खरे. दुसऱ्या दिवशी खिडकीवर पाटी लागली, 'या कंपनीचे कॅशलेस तात्पुरते बंद आहे.' पाटी इंदुताईंनीच चिकटवली. कंपनी तीच होती, दादाच्या कार्डावरची.

भैय्याजींनी सगळ्यांना सांगितलं, "पेशंटले सांगा, चार दिवस थांबा, सुरू होऊन राहिलं. दुसरीकडं जाऊ द्यायचं नाही."

यातही नवीन काही नव्हतं. थांबलेले पेशंट कंपनीला फोन करून करून भंडावतात, मग कंपनी नमते. तिकडे कंपनीला ठाऊक असतं की खाटा रिकाम्या पडल्या की दवाखाना नमेल. दोघंही एकमेकांच्या दमाचा अंदाज घेत बसतात. इंदुताई किती वर्षं खिडकीतून "थांबा" म्हणत आल्या होत्या. गुडघ्याचे, मोतीबिंदूचे, पित्ताशयाचे पेशंट थांबले होते, आणि पाटी निघाल्यावर हसत भरती झाले होते. त्यांचं "थांबा" कधी खोटं पडलं नव्हतं.

दुर्गेशचा फोन आला. "आत्या, धंतोलीतल्या एका दवाखान्यात बाबाचं कार्ड चालून राहिलं. मी जाऊन आलो. परवा भरती करतो म्हणतात."

"तिथं आपलं कोण आहे गा? कोण पाहीन त्याच्याकडं? इथं मी आहे, डॉक्टर ओळखीचे आहेत. सुमंत साहेब येऊन राहिले या हप्त्यात. होऊन जाते."

"पण डॉक्टर म्हणले होते, लांबवू नका."

"मले नाही का काळजी? दादा आहे थो माहा."

मागून रामाजीचा आवाज आला, "इंदू म्हणते तसंच कर. मले तिथं कायले घेऊन जातं? तिथं कोणी ओळखत नाही मले." दुर्गेशनं फोन ठेवला.

मंगळवारी इंदुताई टेकडीच्या गणपतीला जाऊन आल्या. दुसऱ्याच दिवशी सुमंत साहेब आले. केबिनचं दार लागलं. आत पोहे गेले. खिडकीपुढे रांग होती, पण इंदुताईंचं लक्ष रांगेत नव्हतं. त्यांनी एका बाईला तिचं कार्ड दोनदा मागितलं.

प्यून बाहेर आला. रिकामी प्लेट त्यानं लांबूनच उंच करून दाखवली. "नुसती एक प्लेट नाही, ताई. साहेबानं वरून आणखी तर्री मागून घेतली."

इंदुताईंनी महाराजांच्या फोटोला डोकं टेकलं आणि फोन लावला.

"दादा, ठरलं."

"पोहे खाल्ले का साहेबानं?"

"खाल्ले. पुन्हा मागून खाल्ले."

"मंग पक्कं!" रामाजी खुशीत म्हणाला. "वहिनीले सांगतो तुह्या, थैली भराले. आणि माह्यासाठीबी आणून ठेवजो वं त्या ठेल्यावरचे पोहे. ऑपरेशन झालं का खातो."

"तर्री नाही मिळणार. बिनतिखटाचे."

"मंग कायले जगाचं?"

पण पाटी निघाली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशी नाही. इंदुताईंनी भैय्याजींना विचारलं. ते म्हणाले, "वरून मेल याचा आहे. आज-उद्या येते." इंदुताई फोनवर सांगत राहिल्या, आज-उद्या येते. थैली भरून दाराशी ठेवलेली होती. रुखमावहिनी रोज तिच्यातला टॉवेल काढून देत आणि वाळला की परत ठेवत.

मग एका सकाळी रामाजी अंघोळीचं पाणी काढता काढता खाली बसला.

दुर्गेशनं शेजाऱ्याच्या गाडीत घातलं आणि सरळ आत्याच्या दवाखान्याकडे घेतलं. वाटेत दुसरे दवाखाने होते. पण बाबाला हाच पाहिजे होता, आणि मनात दुसरं काही आलंच नाही. इंदुताई तेव्हा वरच्या मजल्यावर कागद द्यायला गेल्या होत्या. फोन खाली खिडकीतच राहिला होता. जिन्यावरून उतरताना त्यांनी पाहिलं, स्ट्रेचर आत चाललं होतं, डॉक्टर धावत होते. कोणी अडवलं नाही, कोणी उशीर केला नाही. आणि खिडकीशी केस सुटलेल्या, एका पायात चप्पल असलेल्या वहिनी उभ्या होत्या. हिमानी त्यांना ओळखत नव्हती. ती तिला शिकवल्याप्रमाणे, अगदी इंदुताईंच्याच आवाजात, मऊपणे विचारत होती, "कोणतं कार्ड आहे, मावशी?"

वहिनींच्या मुठीत कार्ड होतं. देव्हाऱ्यातून उचललेलं, कोपऱ्याला कुंकू लागलेलं.

दुपारपर्यंत सगळं आटोपलं. डॉक्टर इंदुताईंना बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आठवडाभर आधी मिळाले असते..." आणि वाक्य त्यांनी सोडून दिलं. चांगले होते ते, दादा कोणामुळे थांबला हे त्यांना ठाऊक नव्हतं.

वहिनी एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट तेरवीच्या दिवशी गळ्यात पडून म्हणाल्या, "तुह्या दादाचा लय भरोसा होता वं तुह्यावर." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं इंदुताईंना वाटलं. दुर्गेश तर त्यांच्याकडे पाहीनासाच झाला. समोर आला की मान खाली घालून दुसऱ्या खोलीत जायचा.

त्या कामावर परतल्या तेव्हा खिडकीवर पाटी नव्हती. काचेवर चिकटपट्टीचे चार डाग तेवढे होते. करार झाला होता. भैय्याजींनी मागितला त्याच्या निम्म्यानंही भाव वाढला नव्हता, पण झाला होता. काही दिवसांनी सुमंत साहेब सह्यांसाठी आले आणि जाताना खिडकीशी थांबले.

"काय ताई, सुटलात ना एकदाच्या? फार ताणलं यंदा."

इंदुताई म्हणाल्या, "साहेब, त्या दिवशी तुम्ही पोहे खाल्ले होते."

"कोणत्या दिवशी?"

"पाटी लागल्यावर आले होते तेव्हा. दोनदा तर्री घेतली."

साहेब हसले. "अहो, घेतली असेल. आता माझ्या हातात काय आहे? पूर्वी इथं बसून मी भाव ठरवायचो, जबाबदारी असायची, घास उतरायचा नाही. आता आमच्यासारख्या मोठ्या कंपन्या मिळून तिकडे मुंबईला बसतात, सगळ्या शहराचा एकच कागद काढतात. मी नुसता निरोप्या. निरोप सांगायचा आणि निवांत खायचं." मग त्यांचं लक्ष इंदुताईंच्या चेहऱ्याकडे गेलं. "का हो? काय झालं?"

"काही नाही," इंदुताई म्हणाल्या. "सहजच."

साहेब गेले. इंदुताई उठून बाथरूममध्ये गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. नळाच्या आवाजात माणसाला रडता येतं. पण रडू आलं नाही. नुसतं पाणी वाहत राहिलं, मग त्यांनी नळ बंद केला, कारण पाणी वाया जात होतं.

महाराजांच्या फोटोला त्या अजूनही रोज हात जोडतात. मागत मात्र काही नाहीत.

पावसाळ्यात दुसऱ्या एका कंपनीचा करार संपला आणि पाटी पुन्हा लागली. भैय्याजींनी तेच सांगितलं, थांबवून धरा. एक म्हातारे गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. त्यांनी काचेला तोंड लावून विचारलं, "थांबू का बाई आम्ही? तुम्हाले माहीत असते, म्हणून विचारतो."

"मले माहीत नाही," इंदुताई म्हणाल्या.

"अंदाज तं असन ना?"

"अंदाजही नाही, काका. डॉक्टरनं थांबा म्हटलं का?"

"नाही. लवकर करा म्हणले."

"मंग डॉक्टरचं ऐका. जिथं कार्ड चालते तिथं जा. माह्या भरोशावर थांबू नका."

हिमानी बाजूच्या खुर्चीवर खाली मान घालून बसली. संध्याकाळी भैय्याजींनी बोलावलं. "ताई, तुम्ही पेशंट दुसरीकडं पाठवून राहिल्या म्हणते."

"पाठवत नाही, साहेब. थांबा म्हणत नाही, येवढंच."

भैय्याजी बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. त्यांनाही सगळं ठाऊक होतं. "जा," ते म्हणाले, "बसा कामाले."

दिवाळी आली. भाऊबीजेला कळमेश्वरला जायचं नाही, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. जिला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. बीजेचा चंद्र मात्र नखाएवढा असतो आणि दिवेलागणीला जरासा दिसून लगेच खाली जातो. म्हणून त्या लवकर निघाल्या. भैय्याजी म्हणाले, "थोडं थांबा ना ताई, एक मेल पाठवाचा आहे." त्या म्हणाल्या, "आज नाही थांबत, साहेब," आणि पिशवी उचलली.

घराच्या दाराशी दुर्गेश उभा होता. हातात कागदात गुंडाळलेलं लुगडं.

"आईनं देल्लं," तो म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदाच बोलला. "बाबा नेहमी त्याच दुकानातून घेत होते. मी गेलो होतो. मले काही समजत नाही रंगाचं."

इंदुताईंनी कागद सोडला. रंग गर्द जांभळा, त्यांना कधीच न आवडणारा. अगदी दादानं आणला असता तसाच.

"तू बोलत नाही माह्याशी," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे तुह्यं."

दुर्गेशनं मान वर केली नाही. "मी त्या दिवशी धंतोलीले घेऊनच जायचं होतं, आत्या. बाबा नाही म्हणले तरी. मी मोठा झालो होतो ना? मी काहून ऐकलं?"

म्हणजे हा वर्षभर हे घेऊन फिरत होता. इंदुताईंना वाटत होतं, तो आपल्याला दोष देतो. तो तर आपल्याच डोक्यावर घेऊन बसला होता. त्यांना म्हणायचं होतं, तुह्यं नाही रे, माहं. पण तेही त्यांना खरं असून अपुरं वाटलं. एकाच माणसाचं जाणं दोघांना पुरून उरत होतं.

"वर येतं का?" त्या म्हणाल्या. "चंद्र जाऊन राहिला."

दोघं गच्चीवर गेले. तलावाच्या बाजूला, पाण्याच्या टाक्यांच्या मधे, चंद्राची कोर टेकलीच होती. वाऱ्यानं निरांजन विझू लागलं तसे दुर्गेशनं दोन्ही हात आडवे धरले. इंदुताईंनी ओवाळलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ताट वर नेलं तेव्हा कोर टाकीच्या मागे गेली होती, आणि ताट तसंच हातात राहिलं.